सरावाचं घर

धाकटीने दारावर टकटक केली तेव्हा आत आपलंच घर बसलेलं आहे याची तिला सुतराम कल्पना नव्हती.

दार तसं खोटंच होतं. म्हणजे लाकूड खरं, कडी खरी, पण दाराच्या अलीकडे प्रशिक्षणगृहाचाच बोळ आणि पलीकडेही प्रशिक्षणगृहाचीच खोली. त्या खोलीला सगळे सरावाचं घर म्हणत. एका बाजूने खचलेला सोफा, चार जातींच्या चार खुर्च्या, मेणकापड घातलेलं टेबल, मुका रेडिओ आणि भिंतीवर फोटो नसलेली एक फ्रेम, एवढा त्या घराचा संसार. तरुण मिशनऱ्यांना परक्यांच्या घरी पाठवायचं तर आधी एका घरात त्यांना पडून-झडून घेऊ द्यावं, असा त्यामागचा विचार. चर्चच्या मंडळीतली माणसं आळीपाळीने येऊन त्या सोफ्यावर बसत आणि कधी नवरा गेलेली बाई होत, कधी देवाचं नाव काढताच अंगावर येणारा म्हातारा, तर कधी नुसताच कंटाळलेला कारकून. शिकणाऱ्यांनी जोडीने जायचं, टकटक करायची, बसा म्हटलं तर बसायचं आणि ऐकायचं.

नियम थोडे पण चिवट होते. घरचं माणूस बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. त्याने देवाचा विषय काढल्याशिवाय आपण काढायचा नाही. समोर ओळखीचं माणूस बसलेलं असलं तरी ते अनोळखी धरायचं. आणि उठताना, शिव्या खाल्लेल्या असोत की चहा प्यायलेला असो, एवढं विचारायचं: आम्ही पुन्हा येऊ का? मग उत्तर मिळेपर्यंत हलायचं नाही.

कोपऱ्यातल्या स्टुलावर शिक्षिका बसलेली असे. तिच्या हातात पितळी घंटी असायची. चुकलं की ती एकदा वाजे, वेळ संपली की दोनदा. पोरींनी तिचं नाव घंटाबाई ठेवलं होतं. ते तिच्या कानावर गेलेलं होतं आणि मनातून आवडलेलंही असावं, कारण घंटी ती फार मायेने पुसायची.

धाकटी ही बेकरीवाल्यांची मुलगी. भावंडांत धाकटी म्हणून धाकटी. इथे आली तर इथेही तीच सगळ्यांत लहान निघाली आणि नाव मागोमाग चालत आलं. पहाटे उठायच्या नावाने बाकीच्या मुली रडकुंडीला येत. तिला त्याचं काही वाटलं नाही, कारण भट्टी पेटवणाऱ्या घरात सूर्यालाच आळशी समजतात. बोळ पुसणं, बटाटे सोलणं, दुपारच्या उन्हात जोडीने वस्तीतून पायपीट करणं, जिथे पाठवणार त्या देशाची भाषा जीभ दुखेपर्यंत घोकणं, हे सगळं तिने हसत अंगावर घेतलं. जड गेला तो पाव. पूर्वी इथे त्यांच्याच बेकरीचा पाव येई. ती दाखल झाली त्या आठवड्यात बाबांनी तो बंद केला, आणि आता जो यायचा तो विटेऐवजी भिंतीत बसवला असता तरी गवंड्याने काही म्हटलं नसतं.

बाबांनी पावाबरोबर बोलणंही बंद केलं होतं. ती घरातून निघाली त्या दिवशी ते ओरडले नव्हते. भट्टीत लाकडं सारता सारता, मागे न वळता म्हणाले होते, "परक्यांच्या घरी जायला शिकणार आहेस ना. मग इथेही परक्यासारखीच ये." त्यानंतर त्यांचा शब्द नाही की निरोप नाही. शिकत असताना घरी जाण्याची मुभा नव्हती. घरची खबर आणायची ती आत्या. आत्या मंडळीतली, सरावाच्या घरात हौसेने येऊन बसणारी, आणि या सगळ्या प्रकरणात उघडपणे धाकटीच्या बाजूची. आईने धाडलेला स्वेटर, दादाच्या बायकोला दिवस गेल्याची बातमी, सगळं आत्याकडूनच यायचं. बाबांकडून काय, असं विचारलं की आत्या पदराने नाक पुसायची आणि विषय बदलायची.

आता चर्चमधली निरोपाची उपासना तोंडावर आली होती. त्या दिवशी पाठवायच्या प्रत्येक मुलीच्या घरचं एक वडीलधारं माणूस सगळ्यांसमोर उठून उभं राही आणि म्हणे, "आमच्या घरचं हे माणूस आम्ही देतो." घरचं कोणी उभं राहिलं नाही तर त्या मुलीला पाठवत नसत. ती मागे राहायची, पुढच्या खेपेपर्यंत बटाटे सोलत. आत्याने केव्हाच छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की कोणी नाही तर मी आहे. त्यामुळे जाण्याची धाकटीला धास्ती नव्हती. पण बाबांचा आवाज न ऐकता समुद्रापलीकडे जायचं, या विचाराने जेवताना घास तिच्या घशात अडकायचा, आणि हे ती पावाच्या नावावर खपवायची.

तिची दुसरी अडचण तिची जीभ होती. घरात सगळ्यांत लहान, म्हणजे बोलायला मिळेल तेव्हा भराभर बोलून घ्यायची सवय. पहिल्याच सरावात तिने देवावर रागावलेल्या एका म्हाताऱ्याला असं काही कोंडीत पकडलं की त्या बिचाऱ्याने, ठरलेलं सोंग विसरून, तू म्हणतेस ते बरोबर आहे बाई, असं म्हणत हात जोडले. धाकटीला वाटलं शाबासकी मिळणार. घंटाबाई घंटी पुसत म्हणाली, "जिंकलीस. आता त्या घरात तुला पुन्हा कोण बोलावणार?"

तिची जोडीदारीण नेमकी उलटी. उंचीमुळे तिला शिडी म्हणत. भाषेत कच्ची, झोपेत घोरणारी, आणि सरावाच्या घरात गेली की एवढंच विचारणारी: तुम्हाला काय सांगायचंय? मग गप्प. आणि माणसं तिच्यापुढे घडाघडा बोलत. धाकटीला याचा आधी हेवा वाटला, मग राग आला, आणि अलीकडे अलीकडे ती रात्री पडल्या पडल्या त्यावर विचार करायला लागली होती. कळत होतं, पण वळत नव्हतं.

आज शेवटचा सराव होता. याला भरलं घर म्हणत, कारण खऱ्या घरात माणूस एकटं कधी सापडत नाही. सासू असते, दीर असतो, कोणाचं तरी भांडण आधीच चाललेलं असतं. ज्यांनी यायचं कबूल केलं होतं ते सगळे सर्दीतापाने झोपले. तेव्हा आत्या घंटाबाईला म्हणाली होती, काळजी नको, मी एक अख्खं घर घेऊन येते. ती आपलंच घर घेऊन येईल असं घंटाबाईच्याही मनात आलं नव्हतं. घरच्यांनी भेटायला येऊ नये असा नियम होता. सरावाला येऊ नये असा नियम कोणी केला नव्हता, कारण आजवर कोणाला ते सुचलंच नव्हतं.

दार आत्यानेच उघडलं. चेहरा असा की जन्मात ही पोर पाहिली नाही. तिच्यामागे सोफ्याच्या कडेवर, मांडीवर पिशवी घट्ट धरून, आई बसली होती. शेजारच्या खुर्चीत दादा, केसांत पीठ तसंच. आणि खिडकीपाशी ताठ पाठीने बाबा. लोकांच्या मयतीला घालायचा काळा कोट त्यांनी घातला होता आणि भाजल्याच्या जुन्या डागांचे हात गुडघ्यांवर ठेवले होते.

धाकटीच्या तोंडून अर्धं "बा" बाहेर पडलं आणि घंटी वाजली.

"अनोळखी," घंटाबाई म्हणाली. तिचा आवाज नेहमीचाच होता.

पाठ असलेले शब्द तेवढे हाताशी होते, तेच धाकटीने काढले. आम्ही दोघी इथे जवळच राहतो, थोडा वेळ बसलो तर चालेल का? आत्याने बाबांकडे बघितलं. दादाने बघितलं, आईनेही. खऱ्या घरात काय किंवा खोट्या घरात काय, उत्तर देण्याआधी सगळे बाबांकडेच बघत.

"या," बाबा म्हणाले. "बसा."

इतक्या महिन्यांनी ऐकलेला तो आवाज. धाकटी मिळेल त्या खुर्चीत बसली. सुरुवात घरातल्या बाईपासून करावी असं शिकवलेलं होतं. तिने आईकडे वळून विचारलं, तुम्ही कशा आहात? आईला तिने जन्मात तुम्ही म्हटलं नव्हतं. आईचा चेहरा कोणी चिमटा काढावा तसा झाला.

"मी बरी आहे," आई म्हणाली. "तू वाळलीस किती. इथे जेवायला घालतात की नाही?"

घंटाबाईची घंटी वर गेली आणि तशीच खाली आली. नियम फक्त पाहुण्यांना होते.

मग दादाने तोंड उघडलं. सोंग घ्यायची त्याला सवय नव्हती, म्हणून तो रेडिओकडे बघून बोलला. आमच्या घरातली एक मुलगी निघून गेली, भट्टीवर एक माणूस कमी झालं, बायकोला आता कणीक उचलवत नाही, मी एकट्याने किती करायचं, असा त्याचा पाढा होता. देवाला माणसं हवी असतील तर त्याने जरा मोठी कुटुंबं बघावीत, असंही तो वर म्हणाला. आत्या लगेच फणकारली. मुलगी निघून गेली म्हणजे काही पळून गेली नाही, सांगून गेली, आणि ज्याला कणीक जड होते त्याने गडी ठेवावा. दादा म्हणाला, तुला काय जातं बोलायला. आत्या म्हणाली, मला बोलायलाच येतं, तुझ्यासारखं रेडिओशी बोलता येत नाही. आई दोघांना हळूच, अहो लोक बसलेत, असं म्हणाली आणि मग लोक म्हणजे आपलीच पोर हे आठवून पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली.

धाकटीच्या जिभेवर दादासाठी चार उत्तरं तयार होती. तिने ती कशीबशी दाताखाली धरली.

"खरी गोष्ट मी सांगते," आत्या तिच्याकडे वळून म्हणाली. "आमच्या वडिलांनी आपला थोरला मुलगा असाच दिला होता. मिशनरी म्हणून गेला. दुसऱ्या वर्षी तिकडे ताप आला आणि तिकडेच त्याला पुरलं. आम्हाला कळलं तेव्हा कबरीवर गवतसुद्धा उगवलं असेल. म्हणून हा माझा भाऊ पोरीला सोडत नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो. पण म्हणून काय ताक प्यायचंच नाही?"

ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती. फोटोतला काका, त्याची न झालेली वर्षं, आणि मुलगा दिल्यावर कोरड्या तोंडाने जगलेले आजोबा. धाकटीला वाटलं, हीच वेळ. बाबा समोर आहेत, विषय निघाला आहे, आणि यावर काय बोलायचं ते तिने कित्येकदा मनात घोळवून ठेवलेलं होतं.

"तुमचं दुःख मी समजू शकते," ती बाबांना म्हणाली. "पण जो गेला तो स्वतःच्या आनंदाने गेला होता ना? मग त्याच्या जाण्याला तुम्ही नुसतं नुकसान कसं म्हणता? तुमच्या मुलीलाही जर आतून..."

घंटी वाजली.

"वाजवू नका बाई," बाबा घंटाबाईकडे न बघता म्हणाले. "बोलू द्या तिला. ती अशीच बोलते. म्हणून तर ती घरातून निघाली तेव्हा मी बोलण्याच्या भानगडीत पडलो नाही. माझं एक वाक्य पुरं होईपर्यंत तिची तीन होतात. बहीण म्हणाली, त्या खोलीत पोरीला ऐकून घ्यावं लागतं, तसा कायदाच आहे. म्हणून कोट घालून आलो."

धाकटीचे कान तापले. तिला लाज वाटली, आणि ती घंटाबाईसमोर चुकल्याची नव्हती. आपल्या बापाला आपल्याशी बोलायला एका खोट्या घरात, काळा कोट घालून यावं लागलं, याची होती. मनात रचून ठेवलेलं सगळं तिच्या हातून सांडून गेलं. मग उरलं ते शिडीचं एकुलतं एक वाक्य.

"तुम्हाला काय सांगायचंय?" तिने विचारलं.

बाबा भिंतीवरच्या रिकाम्या फ्रेमकडे बघत होते. बोलले तेव्हा मोजूनमापून, मळलेल्या कणकेचे गोळे तोडावेत तसे.

"वडिलांनी त्याला दिलं नाही," ते म्हणाले. "उपासना परगावी होती, ते आलेच नव्हते. दाराकडे पाठ करून भट्टीपुढे बसले होते. तिकडे माझा भाऊ पुढे उभा, बाकीच्या मुलांच्या घरचे उठून बोलतायत, आणि आमच्या घरचं कोणी नाही. त्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मला धड मिसरूड फुटलेलं नव्हतं. पण तो असा बघत असताना मी बसून कसा राहणार? मी उठलो. आमच्या घरचं हे माणूस आम्ही देतो, म्हणालो. चर्चचे पाळक म्हणाले, तू वडीलधारा नाहीस. मी म्हटलं, आज मीच आहे. मोठी ऐट वाटली तेव्हा."

आत्या दाराशी उभी होती. ती हळूच खुर्चीचा हात धरून बसली.

"देतो म्हटलं, आणि तेवढंच म्हटलं. परत ये म्हणायचं सुचलंच नाही. दिलेली वस्तू परत मागता येत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. वडील वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. पण बाहेर कोणी विचारलं, काय हो, मुलगा दिलात, तर म्हणायचे, हो, मी दिला. मेला तेव्हासुद्धा म्हणाले, मी दिला होता. माझं नाव त्यांनी रस्त्यावर पडू दिलं नाही."

इथे ते थांबले. धाकटीच्या ओठांवर आलं होतं की तुमची काय चूक, तुम्ही तर त्याच्यासाठीच उठलात. घंटाबाई तिच्याकडेच बघत होती. ते वाक्य चुकीचं नव्हतं, पण ते बोलली असती तर पुढचं बाबांनी पोटातच ठेवलं असतं. ती गप्प राहिली. आयुष्यात इतकं अवघड काम तिने दुसरं केलं नव्हतं.

"भट्टीच्या उजव्या हाताला तो उभा राहायचा," बाबा पुढे म्हणाले. "तो गेल्यावर वडिलांनी त्या जागेवर कोणाला उभं राहू दिलं नाही. वडील गेले, मीही नाही राहू दिलं. गडी आले, गेले, सगळे डाव्या हाताला उभे राहून काम करून गेले. मग आमची धाकटी चालायला लागली. एक दिवस दुडुदुडु आली आणि नेमकी तिथेच जाऊन उभी राहिली. म्हटलं, राहू दे."

धाकटीला ती जागा माहीत होती. तिथे झळ कमी लागते, म्हणून लहान पोरीला तिथे उभं करतात, असंच ती आजवर समजत आली होती. फळीवरून पाव उतरवायला ती तिथेच शिकली. हाताला पहिला चटका तिथेच बसला, आणि बाबांनी तो हात बराच वेळ धरून ठेवला होता. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते तिने पुसलं नाही.

"आता तिथे कोण उभं राहतं?" तिने विचारलं.

"कोणी नाही."

दादाने मान खाली घातली. भट्टीवर माणूस कमी पडतं म्हणून तो महिनोन् महिने कुरकुरत होता, पण नवा गडी आला की बाबा त्याला डाव्या बाजूला का ढकलतात ते त्याला आज उमगलं.

फुटली ती आत्या. ती रडली नाही, पण तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "मी आमच्या वडिलांशी शेवटपर्यंत सरळ बोलले नाही," ती म्हणाली. "त्यांनी माझा भाऊ देऊन टाकला म्हणून. त्यांच्या आजारात मी पाणी द्यायची ते पेला आपटून द्यायची. आणि हे तुला माहीत होतं. तू बघत होतास."

"त्यांनी शपथ घातली होती," बाबा म्हणाले. "म्हणाले, ती लहान आहे, तिला एक भाऊ गेल्याचं दुःख पुरे, दुसऱ्याचा राग कशाला."

आत्या कितीतरी वेळ मेणकापडावरून बोट फिरवत राहिली. मग तिने धाकटीकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांत आता सोंग नव्हतं. "मी उभी राहणार नाही," ती म्हणाली. "मला वाटत होतं, द्यायला मोठं मन लागतं. तुझ्या आजोबांचं नव्हतं म्हणून ते कुढून मेले, माझं आहे. पण माझ्या जिभेला ते शब्द आता उचलायचे नाहीत. तू जाऊ नकोस, पोरी."

खोलीतली माणसं तीच होती, पण सगळ्यांच्या जागा बदलल्यासारख्या झाल्या. इतके दिवस ढाल होऊन उभी असलेली आत्या बाजूला झाली होती. बाबा उभे राहतील अशी आशा करण्यातही आता अर्थ नव्हता, आणि धाकटीला तशी आशा करावीशीही वाटेना. म्हणजे ती मागे राहणार. तिने ते मनात म्हणून बघितलं आणि तिला आश्चर्य वाटलं की त्याही स्थितीत तिला वाद घालावासा वाटत नव्हता.

वाद घातला तो दादाने, आणि तोही भलत्याच बाजूने. "जाऊ द्या तिला," तो रेडिओकडे न बघता म्हणाला. "इथे बांधून ठेवली तरी तिचं तोंड दाराकडेच असणार. दाराकडे बघत काम करणारं माणूस मला भट्टीवर नको. हात भाजून घेतात."

"तू उभा राहशील?" आत्याने विचारलं.

"मला कोण उभं राहू देणार? वडीलधारं पाहिजे. बाबांना मिसरूड नव्हतं तर पाळक बोलले, मला तर पोर व्हायचंय अजून."

"मी राहीन," आई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. आईने मात्र बोलण्याआधी बाबांकडे बघितलं नव्हतं, आणि नंतरही बघितलं नाही. पिशवी तिने बाजूला ठेवली होती. "पण देतो म्हणणार नाही मी. मी काही दिलेलं नाही, पोर माझी आहे. जाऊन ये म्हणेन."

"शब्द ठरलेले आहेत," घंटाबाई कोपऱ्यातून म्हणाली. घरच्या माणसांच्या बोलण्यात ती कधी पडत नसे.

"असतील," आई म्हणाली. "मला पाठ होत नाहीत."

आईच्या असल्या उत्तरापुढे घरात आजवर कोणाचं चाललेलं नव्हतं. ती तसं उत्तर फार क्वचित द्यायची, एवढंच. बाबांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण ताठ धरलेली त्यांची पाठ खुर्चीला टेकली. त्यांनी आईचं बोलणं खोडलं नाही. त्यांच्या संसारात यालाच होकार म्हणत.

धाकटीला उठून आईच्या गळ्यात पडायचं होतं. बाबांचे ते भाजके हात हातात घ्यायचे होते, आत्याला जवळ ओढायचं होतं. पण तेवढ्यात घंटी वाजली, दोनदा. वेळ संपली होती. सराव म्हणजे सराव, आणि घंटाबाई त्यात कोणालाच सूट देत नसे.

दोघी उठल्या. जी जास्त बोलली असेल तिने शेवटचा प्रश्न विचारायचा, अशी रीत होती. हा प्रश्न धाकटीने या खोलीत इतक्यांदा विचारला होता की जेवताना मीठ मागावं तसा तो तिच्या तोंडातून यायचा, आणि उत्तर काय येतंय याकडे तिचं कधी लक्षही नसायचं. आज तिने बाबांसमोर उभं राहून तो उच्चारायला घेतला आणि तिचा आवाज अर्ध्यावर बसला. शिडीने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने पुन्हा सुरुवात केली.

"आम्ही पुन्हा येऊ का?"

उत्तर मिळेपर्यंत हलायचं नाही, हा नियम होता. ती हलली नाही. बाबाही उठून उभे राहिले. कोटाची बटणं त्यांनी उगाचच सारखी केली. घरातून कोणी दूर निघालं की माणसं काय म्हणतात ते त्यांना माहीत होतं; एकदा ते म्हणायचं राहून गेलं होतं, आणि तेव्हापासून त्यांनी ते कोणालाच म्हटलं नव्हतं. आत्या त्यांच्याकडे बघत होती. आई बघत होती.

"ये," बाबा म्हणाले. तेवढ्याने भागलं नाही असं वाटून त्यांनी मान वर केली आणि लेकीकडे सरळ बघितलं.

"परत ये. उजव्या हाताची जागा मी कोणाला देणार नाही."